कच्चं पाणी

“आई, ते भांडं खाली ठेव.”

“थांब गं, एक नाकपुडी राहिलीय.”

“खाली ठेव म्हणते ना!”

माझा आवाज एवढा चढला की मागच्या पायरीवरची मांजर उडी मारून पळाली. आई न्हाणीघराच्या दारात मान कलती करून उभी होती. हातात जलनेतीचं लांब चोचीचं तांब्याचं भांडं. एका नाकपुडीतून पाणी घ्यायचं, दुसरीतून सोडायचं, की म्हणे सर्दी जन्मात होत नाही. तिचे डोळे रडून लाल झाले होते. थोड्या वेळापूर्वी मीच तिला सांगितलं होतं, की तिचे योगाचे सर पहाटे आमच्या रुग्णालयात गेले. त्यावर या बाईनं काय करावं? पदरानं डोळे पुसले, आणि सरांची आठवण म्हणून नेती करायला उभी राहिली. माझी आई ही अशी.

मी तेव्हा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होते. रक्त, लघवी, मांसाचे तुकडे, मेलेल्यांची यकृतं-फुप्फुसं, जे येईल ते मायक्रोस्कोपखाली घालायचं आणि कशानं काय झालं ते सांगायचं. नातेवाईक म्हणायचे, “कसलं बाई तुझं हे काम!” पण मला आवडायचं. मेलेलं माणूस खोटं बोलत नाही. जिवंतांचं तसं नसतं, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी चांगलं कळायचं होतं.

खानविलकर सर म्हणजे चाळिशीतला ठणठणीत माणूस. शाळेत पी.टी. शिकवायचे आणि सकाळी देवळाच्या सभामंडपात बायकांचा योगवर्ग घ्यायचे. आठवड्याच्या सुरुवातीला डोकं दुखायला लागलं, मग ताप, मग मान ताठ, मग बडबड, आणि मग काहीच नाही. आमचा फिजिशियन भाटकर, त्यानं मेंदूज्वर धरून सगळी औषधं ओतली. पाठीतलं पाणी काढून माझ्याकडे पाठवलं. ते रात्री आलं, म्हणून लॅबच्या शिरस्त्याप्रमाणे फ्रिजमध्ये गेलं आणि सकाळी काचेवर आलं. पू भरपूर, जंतू एकही नाही. त्या पुवात काही पेशी जरा जास्तच मोठ्या, गोल, निपचित पडलेल्या होत्या. पुवात मोठ्या पेशी असतातच.

आणि मघाशी आईनं भांडं उचलता उचलता काय म्हणावं?

“बिचारे सर! गेल्या आठवड्यात म्हणत होते, मला उदबत्तीचा वासच येईनासा झालाय. आम्ही मेल्या हसलो. म्हटलं, सर, स्वस्तातल्या उदबत्त्या आणता, वास कुठून येणार?”

त्यावरच मी ओरडले होते. कॉलेजात आमचे एक म्हातारे प्राध्यापक होते, तासाला निम्मी मुलं झोपायची. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात कुठंतरी अडकून राहिलं होतं. कोमट साठलेलं पाणी, ते नाकात गेलं, आधी वास गेला आणि मग माणूस गेला, तर पोरांनो, अमिबा विसरू नका. शाळेच्या पुस्तकात असतो तो अमिबा नव्हे, त्याचा एक भयंकर भाऊबंद. नाकातून शिरतो, वासाच्या नसेनं वर चढतो आणि मेंदू खातो.

“आई, हे पाणी कुठलं?”

“कुठलं म्हणजे? कोतळवाडीच्या ऊनकुंडाचं. आम्ही सगळ्याजणी कॅन भरून आणतो. सर सांगायचे, नळाचं नको, कुंडाचं घ्या. आधीच कोमट आहे, अंगचा गंधक आहे.”

“उकळून घेतेस ना?”

आईनं भांडं कट्ट्यावर ठेवलं. नजर वळवली. “उकळायचं नसतं. उकळलं की पाण्याचा गुण मरतो. सरांचं सांगणं होतं, कुंडाचं पाणी कच्चंच घ्यायचं.”

“किती दिवस घेते आहेस?”

“झाले बरेच. काय गं, अशी का बघतेस? मला का काही झालंय?” ती हसायला गेली आणि तिनं कपाळ दाबलं. “डोकं जरा जड आहे तेवढं. परवापासून आहे. आता रडल्यानं वाढलं.”

परवापासून. मी मनात दिवस मोजले.

आईला काही बोलले नाही. ‘पडून राहा, बाहेर जाऊ नकोस, त्या भांड्याला हात लावू नकोस,’ एवढं सांगितलं आणि रिक्षा पकडली. रस्त्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या रोगावर भाटकरनं दिली ती औषधं काही कामाची नाहीत. याचं औषध वेगळं, जहाल, मूत्रपिंडं जाळणारं, आणि आमच्या गावात मिळत नाही. नुसत्या संशयावर माझ्या आईला ते कोण टोचेल? आधी सरांना नक्की काय झालं होतं ते कळायला हवं होतं. आणि ते आता एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, सरांच्या मेंदूत.

रुग्णालयाच्या मागं शवागार. त्या दिवशी तिथलं गटार तुंबलं होतं, अशी दुर्गंधी की डोळ्यांत पाणी यावं. शवागाराचा धोंडू ट्रॉली आत ढकलत होता.

“धोंडू! कुठं नेतोस?”

“थंड पेटीत ठेवतो मॅडम. गाडी यायला वेळ हाय म्हणतायत.”

“ठेवू नको! बाहेरच राहू दे. हात लावू नको कुणी!”

धोंडू बघतच राहिला. त्याला बापड्याला काय माहीत! तो अमिबा गार झाला की हलायचा थांबतो, गोल होऊन पडतो, आणि मग पुवाच्या पेशीत आणि त्याच्यात फरक कळत नाही. आमच्या फ्रिजनं एकदा तेच केलं असणार, हे मला रिक्षातच उमगलं होतं.

सरांचे नातेवाईक लांब चिंचेखाली नाकाला रुमाल लावून उभे होते. सरांची बायको वैजयंती मात्र एकटीच गटाराशेजारच्या बाकावर बसली होती, पदर मांडीवर, चेहरा उघडा. मी स्वतः नाक दाबून तिच्यापर्यंत पोचले. मनात आलं, दुःखात माणसाला कशाचं भान राहत नाही.

“वहिनी, मी हेमांगी. कमलताईंची मुलगी.”

“कमलमावशींची?” तिनं वर पाहिलं. “बसा ना ताई.”

“वहिनी, सरांना काय झालं होतं ते मला बघायचंय. त्यासाठी... मेंदूचा तुकडा लागेल. तुमची परवानगी हवी.”

ती काही बोलायच्या आत चिंचेखालून सरांचे थोरले भाऊ धावत आले. “काय? डोकं फोडणार? अहो डॉक्टरीणबाई, काही लाजलज्जा? गेला ना तो! आता चिरफाड कशाला?”

“फोडायचं म्हणत नाही मी...”

“तो योगी माणूस होता. जन्मभर शिकवलंन की प्राण टाळूतून जातो, ब्रह्मरंध्रातून. त्याच्या टाळूला करवत लागू देणार नाही मी! सांगून ठेवतो!”

“भावोजी, जरा थांबा,” वैजयंती म्हणाली. तिनं दोन्ही कानशिलं दाबली. “माझं डोकं ठणकतंय. ओरडू नका. ताई, तुम्ही सांगा. माणूस तर गेलं. आता कळून काय करायचंय?”

मी काय काय सांगू शकले असते! विज्ञान, समाज, पुढच्या रुग्णांचं भलं. सगळं पाठ होतं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ते सगळं सोडून दिलं.

“माझ्यासाठी हवंय मला,” मी म्हणाले. “माझी आई तेच पाणी नाकात घेत होती. आज तिचं डोकं दुखतंय. वहिनी, मला भीती वाटतेय. मला दुसरं कुणी नाही.”

थोरले भाऊ एक पाऊल मागं सरले. वैजयंतीनं कानशिलांवरचे हात खाली घेतले.

“कुंडाचं पाणी?”

“हो.”

“सर वाईट पाणी कुणाला देतील का हो?”

“मुद्दाम कोण देईल? ते स्वतःच घेत होते ना.”

“आणि तुम्ही बघितलंत नि काही नाही मिळालं तर?”

“तर माझी आई वाचली.”

“मिळालं तर?”

“तर आजच औषध मागवता येईल. उद्या मागवून उपयोग नाही.”

तिनं बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाली, “टाळूला हात न लावता होईल?”

आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं, “होईल. पाणी ज्या वाटेनं वर गेलं, त्याच वाटेनं मी जाईन. नाकातून. नुसती सुई. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा दिसणार नाही.”

“घ्या,” ती म्हणाली. “कमलमावशींनी माझं बाळंतपण केलंय. घ्या ताई.” तिनं सही केली आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

आत धोंडूनं दिवा धरला. मी आजवर किती शवं पाहिली असतील, पण नाकाच्या वाटेनं कधी गेले नव्हते. त्या दिवशी लांब सुई घेतली. नाकाच्या छतावर एक हाड असतं, चाळणीसारखं भोकाभोकांचं, त्यातून वासाच्या नसा वर जातात. जरा जोर दिला की सुई पार होते. सुई पार झाली. आत जे लागलं ते घट्ट नव्हतं. पिकून गळालेल्या चिकूसारखं मऊ लागलं, आणि नळीत आलं ते तांबूस, काळपट. निरोगी माणसाचा मेंदू असा नसतो. मी सरांना मनातल्या मनात हात जोडले आणि नळी मुठीत घेऊन लॅबकडं पळत सुटले.

काच दोन्ही तळव्यांत धरून ऊबदार केली. कोमट सलाइनचा थेंब, त्यात तो कण, वर दुसरी पातळ काच. मायक्रोस्कोपवर डोळा लावला.

पू. रक्त. मोडलेल्या पेशींचा राडा. काही हलत नव्हतं.

मी देवाला फारसं मानत नाही. त्या दिवशी मात्र घरच्या, दारच्या, आजोळच्या सगळ्या देवांना हाका मारल्या. म्हटलं, नको हलू दे. काही नको हलू दे. नारळ देते, खण-नारळानं ओटी भरते, चपला सोडते, हवं ते करते. काचेवरचं प्रत्येक ठिकाण बघत पुढं सरकले. हलत नव्हतं. हळूहळू छातीतला दगड उतरायला लागला. बघ, उगाच घाबरलीस. म्हाताऱ्या प्राध्यापकाचं एक वाक्य काय आठवलं, नि आभाळ कोसळल्यासारखी धावत सुटलीस.

आणि मग कोपऱ्यातली एक गोल पेशी जागची सरकली.

आधी तिला एक फुगवटा आला. मग सगळं अंग त्या फुगवट्यात ओतलं गेलं. घावनाचं पीठ तव्यावर पसरतं तसं. पुन्हा फुगवटा, पुन्हा ओतलं जाणं. तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी. माणूस पहाटे मेला होता आणि हे अजून खात होते.

मी ओरडले की काय कोण जाणे, कारण भाटकर समोरच्या खोलीतून धावत आला. मी नुसतं मायक्रोस्कोपकडं बोट केलं. त्यानं वाकून पाहिलं आणि काच सरकवून पुन्हा पाहिलं.

“अमिबा,” तो म्हणाला. मग अगदी हळू, “हेमांगी, मी त्याला वाचवू शकलो असतो का गं?”

“मला विचारू नको. माझी आई तेच पाणी घेते. डोकं दुखतंय तिचं.”

भाटकर झटकन सरळ झाला. त्याचं हे मला फार आवडायचं, रडायची वेळ असली की तो कामाला लागतो. “कोल्हापूरला माझा मित्र आहे, औषध तो गाडीनं पाठवेल. आत्ता सांगतो. वर्गातल्या बाकी बायकांना सिस्टर फोन करतील, कुणाचं डोकं दुखतंय का, ताप आहे का विचारतील. तू आईला आण. पाठीतलं पाणी काढू आणि बघू.”

घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आई फोन घेत नव्हती.

घरापर्यंतचा तो रस्ता मला आजही नीट आठवत नाही. रिक्षावाल्यावर मी ओरडत होते एवढं खरं. दार उघडंच होतं. आई मोरीपाशी भिंतीला धरून बसली होती, आणि ओकत होती.

“काही नाही गं,” तिनं हात हलवला. “पित्त झालंय.”

“मान वाकव बघू. हनुवटी छातीला लाव.”

“अगं बाई, डोकं फुटतंय नि तू कवायत काय करून घेतेस?”

मी तिला जवळजवळ उचललं. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती आणि मी लहानपणी ती मला सांगायची तसलं काहीबाही बडबडत होते, होईल हं बरं, आलंच हं हॉस्पिटल. तिनं मध्येच डोळे उघडले.

“हेमा, तुझ्या तोंडचं पाणी का पळालंय? सर गेले त्यानंच मी जाणार आहे का?”

“गप्प बस.”

“मला काहीतरी सांगायचंय.”

“नंतर. आता बोलू नको.”

“अगं, पण ऐक तर...”

“आई, हात जोडते, बोलू नको!”

तिनं ओठ मिटले ते मिटलेच. पाठीत सुई जाताना तिनं माझा हात असा आवळला की माझी बांगडी वाकली. पाणी थेंब थेंब नळीत पडलं. भाटकर म्हणाला, “रंग बघितलास?” पण मला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. नळी हातात आली आणि समोर फ्रिज. वर्षानुवर्षांची सवय. मी झटका बसल्यासारखी मागं झाले. नळी ब्लाउजच्या आत काखेत धरली, ऊब जाऊ नये म्हणून, आणि हात अंगाशी घट्ट दाबून, वाकडी वाकडी चालत लॅबपर्यंत गेले. लोक बघत होते. म्हटलं, बघा! माझ्या आईचा जीव काखेत घेऊन चाललेय.

काच. थेंब. डोळा.

आता मला ठाऊक होतं की ते कसे हलतात. म्हणून आता जास्त भीती होती. मघाशी मी हलू नये म्हणून देवांना हाका मारत होते, आता देवांची नावंसुद्धा आठवेनात. काचेची एक कड, मग दुसरी, मग मधलं सगळं. पुन्हा पहिल्यापासून. नवा थेंब घेतला. पुन्हा पहिल्यापासून.

पू नव्हता. मोठ्या पेशी नव्हत्या. काहीच नव्हतं. स्वच्छ, निवळ पाणी, जसं धडधाकट माणसाचं असावं तसं. भाटकरनं बघितलं. तोही म्हणाला, “काही नाही.” तरी मी पुन्हा बघितलं. मग टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, लॅबची पोरं दाराशी गोळा झाली तरी रडले.

आईकडे गेले तेव्हा ती उताणी पडून छताकडं बघत होती.

“काही नाही झालेलं तुला,” मी म्हणाले. “पण मला कळत नाही. तुझं डोकं, ओकारी... आणि पाणी तर तेच घेत होतीस.”

“तेच तर सांगत होते रिक्षात! तू ऐकतेस कुठं?” आई फणकारली. मग तिचा आवाज खाली आला. “सरांनी या सोमवारपासून सगळ्यांना चहा सोडायला लावला होता. म्हणे चहा म्हणजे विष. पन्नास वर्षं चहा पिणारी मी. डोकं दुखणार नाही तर काय होईल?”

“आणि पाणी?”

“मी उकळत होते.”

“काय?”

“चहाच्या पातेल्यात. पहिल्या दिवसापासून. मेलं त्या कुंडात म्हशी डुंबतात, मी पाहिलंय डोळ्यांनी. कच्चं कसं घालू नाकात? सरांना म्हणायचे, कच्चंच घेते सर.” तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. “सकाळी तू विचारलंस. सर नुकते गेलेले. त्यांचं घोटभर पाण्याचं साधं सांगणं, तेही मी ऐकलं नव्हतं, हे त्याच दिवशी कुठल्या तोंडानं बोलू? माझ्यानं नाही बोलवलं.”

मला तिला मारावंसं वाटलं आणि कडकडून मिठी मारावीशी वाटली. मिठी मारली.

“बाकी कोण उकळत होतं?” मी विचारलं.

“कुणी नाही. सगळ्या भोळ्या.”

“सिस्टरनी फोन केलेत सगळ्यांना. कुणालाच काही नाही, देवाची कृपा.”

“वैजूला केला?”

मी वळून पाहिलं. सिस्टर दारातच होत्या. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. “मॅडम, तिथं कसा करणार? सुतकाचं घर ते. आज त्यांना कुठं विचारायचं, की डोकं दुखतंय का म्हणून?”

“अगं, तिला काय विचारायचंय?” आई म्हणाली. “रोज सरांच्या आधी तीच करायची नेती. परवा मी सरांना बघायला गेले, तर आमटी करपून कोळसा झालेली. सगळं घर धुरकट, आणि ही बया शेगडीपुढंच बसलेली. म्हटलं, वैजू, नाक कुठं गहाण ठेवलंस? म्हणाली, लक्ष नव्हतं मावशी.”

लक्ष नव्हतं. तुंबलेल्या गटाराशेजारचा तो बाक माझ्या डोळ्यांपुढं आला. चिंचेखाली रुमाल लावलेली माणसं, आणि ती एकटी उघड्या चेहऱ्यानं बसलेली. माझं डोकं ठणकतंय, ओरडू नका. मी तिच्यासमोर उभी राहून माझ्या आईचं डोकं दुखतंय म्हणून रडत होते.

सरांचं घर गावाच्या टोकाला. मी पोचले तेव्हा पुरुष स्मशानात गेले होते. ओटीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. माजघरात देह ठेवला होता त्या जागी दिवा लावलेला, शेजारी कापराची डबी, आणि भिंतीला टेकून वैजयंती. तिच्याशेजारी तिची सासू, वाळकी, पांढरी फटक. आजच मुलगा गेलेली बाई. तिच्यापुढं जाऊन मी काय मागणार होते? आज हिला उंबऱ्याबाहेर काढायची म्हणजे घरातल्या कुणाचं तोंड कसं बंद करायचं?

“मिळालं का ताई?” वैजयंतीनं डोळे न उघडता विचारलं. “कमलमावशी?”

“आई बरी आहे. वहिनी, तुमचं डोकं अजून दुखतंय?”

“रडून दुखतं हो.” उजेडाचा त्रास होत असावा, तिनं पदर डोळ्यांवर ओढला.

मी डबीतून कापराची वडी घेतली आणि तळहातावर चुरडली. वास असा उठला की दारातल्या बायकांनी वळून पाहिलं. तळहात तिच्या नाकाशी धरला.

“वहिनी, वास येतो का?”

तिनं दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग थकलेलं हसली.

“पेटवल्याशिवाय कापराला वास कसा येईल, ताई?”

सासूनं माझा तळहात आपल्याकडं ओढला, हुंगला, आणि सुनेकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बाई आकांत करणार.

“माझा एक गेला,” ती म्हणाली. “हिला घेऊन जा. कुणी काही बोललं तर मी बघते.”

कोल्हापूरहून आईसाठी निघालेलं औषध संध्याकाळी आलं. ते वैजूला लावलं. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. थंडी वाजून तिची खाट हलायची, आणि सासू पायाशी बसून राहायची. एकदा तर भाटकरनं मला बाहेर बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. पण ती वाचली. कशी, ते आम्हा दोघांनाही अजून नीट सांगता येत नाही. वेळेवर धरलं, एवढंच आम्ही म्हणतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सभामंडपातला वर्ग वैजूच घेते. नेतीचं पाणी स्वतः उकळते, गार करते, कुणाला कच्चं घेऊ देत नाही. वास मात्र तिचा गेला तो गेलाच. दर वर्षी सरांच्या श्राद्धाला ती वडे तळायला घेते आणि आधी माझ्या आईला बोलावणं धाडते.

“मावशी, जरा हुंगून सांगा,” म्हणते, “करपत नाही ना काही?”

आई ऐंशी पार झालीय. काठी टेकत टेकत तिच्या स्वयंपाकघरात जाते, कढईवर वाकून वास घेते, “छान झालेत गं,” म्हणते, आणि मगच ओटीवर येऊन चहा मागते.